अंतोनकाकांनी हात मागे घेतला

तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, माणसांचं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. विचारणारा दचकतो. मग मी ‘डायलिसिस’ म्हणते, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो घाईघाईने आपल्या एखाद्या मावशीचं किंवा साडूचं सांगायला लागतो. हल्ली प्रत्येकाच्या नात्यात त्या खुर्चीवर बसणारं कुणीतरी असतंच.

भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी डायलिसिस टेक्निशियन होते, शेवटची बरीच वर्षं तिथली इनचार्ज. काम समजायला अवघड नाही. किडनी बसली की अंगातलं पाणी आणि घाण बाहेर पडत नाही. ते काम मशिन करतं, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. त्यासाठी सर्जन हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून देतात. मग ती शीर करंगळीएवढी फुगते आणि तिच्यात आम्ही दोन सुया घालतो, साध्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी जाड. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. पेशंट येताना किती वजन घेऊन आला आणि जाताना किती राहायला हवं, हे प्रत्येकाचं वेगळं काढावं लागतं. शेजारी शेजारी बसलेल्या, सारख्याच बांध्याच्या दोघांना एकच आकडा लावला तर एकाच्या पायांत गोळे येतात आणि दुसरा घरी जाऊन धापा टाकत बसतो.

लोक रडतात, चिडतात, देवाला आणि सरकारला शिव्या देतात, आणि बरेच जण गप्पा मारतात. जवळच्या अंजूर गावचे एक आजोबा होते. जमीन गोदामाला गेली आणि मुलगे गाड्या चालवायला लागले, तसे ते रिक्षाने एकटेच यायचे. एकदा मला म्हणाले, “म्याडम, या मशिनीला कवा सुट्टी न्हाय का?” मी नाही म्हटलं. “मंग माज्यासारखीच हाय. मना पन घरान कोन सुट्टी देत न्हाय,” म्हणाले आणि झोपून गेले.

हा लेख लिहायला बसले तेव्हा एका मैत्रिणीने सुचवलं, ‘शेवटी सगळ्यांचं रक्त लालच, यावर छान लिही.’ ते लाल रक्त मी जन्मभर पारदर्शक नळीतून जाताना बघितलं. त्या रंगामुळे कुणाचं मन बदललेलं मला आठवत नाही. उलट एकदा माझ्याच डोळ्यांसमोर, त्याच खुर्च्यांवर जे झालं, ते सांगते. त्या धक्क्यातून मी आजही पुरती बाहेर आलेले नाही.

अंतोन परेरा मूळ वसईकडचे. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात त्यांनी सुपरवायझर म्हणून नोकरी केली आणि भिवंडीतच घर केलं. आम्ही त्यांना अंतोनकाका म्हणायचो. त्यांची बायको रोझी आंटी. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकांचा धाकटा भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांची मुलगी लोर्ना या दोघांनी वाढवली. ती नर्स झाली, लग्न करून परदेशी गेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा फोन काकांना मशिनवर असताना यायचा आणि काका सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर खालिदचाचा. भिवंडीतल्या निजामपुऱ्यात त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे माग, घराणं कोकणी मुसलमानांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी कोकणी वळणाचं बोलायचे. दोघांच्या वेळा एकच होत्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची शिफ्ट. दोघांनाही मीठ बंद, सुकी मासळी तर सक्त बंद. त्यामुळे चार तास दोघं फक्त सुक्या मासळीबद्दल बोलायचे. वसईचे बोंबील चांगले की कोकणातला जवळा, यावर त्यांनी वर्षानुवर्षं भांडण चालवलं होतं आणि त्यातला एकही घास दोघांच्या तोंडात जाणार नव्हता. डायलिसिसच्या पेशंटला प्रथिनं लागतात, म्हणून आम्ही अंड्याचा पांढरा भाग खायला सांगतो. रोझी आंटी येताना डबा भरून उकडलेली अंडी आणायच्या, पिवळं काढून टाकलेली. काकांना दोन, खालिदचाचांना दोन, उरलेली जो मागेल त्याला.

आणि शबाना. माझ्या हाताखालची सगळ्यात तयार टेक्निशियन. तिचे वडील लूमचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करणारे. तिने डिप्लोमा केला आणि आमच्याकडे लागली. तिची सुई लागलेली कळायची नाही. अंतोनकाकांचा हात अवघड होता, शीर कोपराजवळ वळायची. बाकी कुणी गेलं की ते म्हणायचे, “शबाना कुठे आहे? मी थांबतो, मला घाई नाही.” ती आली की हात पुढे करून छताकडे बघत बसायचे. तिला ‘बाय’ म्हणायचे, लोर्नाला म्हणायचे तसंच.

एका रविवारी टीव्हीवर बातमी आली. परदेशातल्या एका शहरात, प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये स्फोट झाला. मारणाऱ्यांनी आपल्या धर्माचं नाव घेऊन ते केलं होतं. मी बातमी बघितली, हळहळले आणि कुकर लावला. ते शहर लोर्नाचं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी रोझी आंटींचा फोन आला. त्यांना वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. लोर्ना त्या चर्चमध्ये होती. ती गेली होती.

काकांना जाता येणार नव्हतं. तिकडे जायचं तर डायलिसिसची सोय हवी, कागदपत्रं हवीत, आणि दफन मंगळवारीच होतं. मंगळवारी त्यांना माझ्याकडे यायचं होतं.

ते आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. कुणाशी न बोलता वजन केलं आणि खुर्चीवर बसले. शबाना ट्रे घेऊन गेली. मी पलीकडच्या मशिनवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “कळलं मला. काय बोलावं सुचत नाही.”

तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि काकांनी आपला हात मागे घेतला. छातीशी धरला, दुसऱ्या हाताने झाकला.

“तू नको.”

“काय झालं काका?”

“तू नको म्हटलं ना. दुसरं कुणी पाठव. तुमच्या लोकांच्या हातून मला काही नको.”

मशिनं चालू होती, म्हणून शांतता झाली असं म्हणता येत नाही. पण बोलणारे सगळे थांबले. खालिदचाचांना सुया लागलेल्या होत्या, ते मान वळवून म्हणाले, “अंतोन, अरे या पोरीने काय केलंय?”

“तू गप बस,” काका म्हणाले. “तुम्ही सगळे आतून एकच. वरून गोड बोलता.”

हे बोलणारा माणूस मी ओळखत होते असं मला वाटत होतं. या दोघांच्या बोंबलांच्या भांडणावर मी इतक्यांदा हसले होते. एका रात्रीत माणूस असा होतो, यावर माझा विश्वास बसेना, आणि तो तर समोरच बसला होता.

शबानाने ट्रे खाली ठेवला. हातमोजे काढले, डब्यात टाकले आणि शेवटच्या खुर्चीवरच्या पेशंटकडे गेली. काकांना सुया मी लावल्या. ते छताकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते.

थोड्या वेळाने रोझी आंटी आत आल्या. नातेवाइकांना आम्ही आत बसू देत नाही, त्या दिवशी दिलं. त्यांच्या हातात मोबाइल होता. तिकडे दफन चाललं होतं आणि लोर्नाचा नवरा ते मोबाइलवरून दाखवत होता. काकांचा एक हात मशिनला बांधलेला, दुसऱ्याने त्यांनी खुर्चीची कड धरलेली, म्हणून आंटी उभ्या राहून त्यांच्यासमोर मोबाइल धरून होत्या. लहानशा स्पीकरमधून गाणं ऐकू येत होतं. ज्या मुलीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मातीत ठेवताना हा माणूस नळ्यांनी खुर्चीला जखडलेला होता. वॉर्डातला टीव्ही अचानक बंद झाला. कुणी केला म्हणून मी वळून बघितलं. रिमोट शबानाच्या हातात होता.

त्या दुपारी चहाच्या खोलीत मी तिला विचारलं, “वाईट वाटलं?”

“वाईट नाही, राग आला मॅडम,” ती म्हणाली. “किती वर्षं मी त्यांचा हात धरतेय. माझा हात कसा आहे हे त्यांना माझ्या नवऱ्याइतकं माहीत आहे. तरी त्यांना वाटलं, तो टीव्हीवरचा हात माझा आहे.”

“त्यांची मुलगी गेली शबाना.”

“म्हणून तर मी काही बोलले नाही. पण दर वेळी गप्प बसेन असं समजू नका.”

मला वाटलं होतं, धक्का बसायचा तो बसला. तसं नव्हतं. गुरुवारी रोझी आंटी नेहमीप्रमाणे डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, आंटी, कशाला त्रास घेतला. म्हणाल्या, “घरात बसून काय करू? हात रिकामे ठेवले की तिचा चेहरा दिसतो.” त्यांनी काकांना अंडी दिली, मग खालिदचाचांच्या खुर्चीपाशी गेल्या.

“नको,” चाचा म्हणाले.

“रोजा आहे का?”

“रोजा नाय. तुमच्या हातचं नको.”

आंटींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्या डबा धरून उभ्याच राहिल्या. चाचांनी मोकळ्या हाताने मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. कुठलीशी मशीद जळत होती आणि गळ्यात क्रॉस घातलेली माणसं नाचत होती.

“बघा. तुमची लोकं काय करतात बघा. आणि तुमचा नवरा आम्हाला शिकवतो, आतून एक म्हणून.”

आंटींनी वाकून बघितलं. “हे कुठलं आहे चाचा?”

“कुठलं का असेना. तुमचेच ना?”

“मी यांना ओळखत नाही हो,” आंटी म्हणाल्या. डब्याचं झाकण लावायला गेल्या तर ते लागेना. मी जाऊन लावून दिलं.

मंगळवारी शबानाची बाजू घेणारा हाच माणूस. ‘पोरीने काय केलंय’ हे त्याला कळत होतं, आणि दोनच दिवसांत, मूल गमावलेल्या बाईला तोच जळती मशीद दाखवत होता. अंतोनकाकांच्या तोंडून निघालं ते दुःखाच्या भरात, असं मी स्वतःला समजावलं होतं. चाचांना तर दोन दिवस विचार करायला वेळ मिळाला होता. त्यांनी विचार करून हे आणलं होतं, आणि तेही अशा बाईसाठी, जिने त्या भांडणात एक शब्द उच्चारला नव्हता. काकांना जे बोलायचं ते त्यांनी शबानाला ऐकवलं, चाचांना जे बोलायचं ते त्यांनी आंटींना ऐकवलं. दोघांच्या रागाला समोर सापडेल ते माणूस चालत होतं.

मी दोघांनाही सांगितलं. काकांना म्हटलं, “पहिल्या दिवशी मी समजून घेतलं. इथून पुढे ज्याची ड्युटी, तो सुई लावेल. इथे माणूस निवडता येणार नाही.” चाचांना म्हटलं, “तो मोबाइल वॉर्डात पुन्हा काढायचा नाही.”

शनिवारी अंतोनकाका आले नाहीत.

मी फोन केला. आंटींनी उचलला. “ते म्हणतात ठाण्याला जातो. तिथे नाव लावलंय.” ठाण्याला जागा रिकामी नव्हती, हे मला माहीत होतं. कुठल्याच सेंटरवर लगेच जागा मिळत नाही, कुणीतरी गेल्याशिवाय खुर्ची मोकळी होत नाही. मी आंटींना म्हटलं, “पाणी मोजून द्या, फळं देऊ नका, आणि मंगळवारी काहीही करून आणा.” मंगळवारीही ते आले नाहीत. आमच्या पेशंटने एक वेळ चुकवली तर त्याला त्रास होतो. दोनदा चुकवली तर पाणी फुप्फुसात चढतं आणि माणूस बसल्या जागी बुडायला लागतो. मी त्यांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं, तेव्हाच त्यांना श्वास लागत होता. मला म्हणाले, “तुम्ही तिची बाजू घेतलीत.” मी म्हटलं, “मी तुमची बाजू घ्यायला आलेय, चला.” त्यांनी दार लावून घेतलं. आतून आंटींचं रडणं ऐकू येत होतं आणि मी जिन्यात उभी होते.

गुरुवारी सकाळी, शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा रिक्षावाला आणि वॉचमन काकांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून वर घेऊन आले. ओठ निळे, पाय सुजून टम्म, तोंडाला फेस. आडवं करता येत नव्हतं, आडवं केलं की श्वास बंद. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला. मानेतून नळी घालायची तर माणूस आडवा हवा. म्हणजे हातातूनच करायला हवं होतं. मी सुई घेतली. हात सुजलेला, शीर बोटाखालून निसटत होती. मी एकदा घातली, ती फसली आणि तिथे काळंनिळं झालं. माझा हात चांगला होता, पण या हाताचं वळण मला तेवढं माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “शबानाला बोलवा.”

ती आधीच माझ्या मागे उभी होती. नवीन हातमोजे घातलेले. पुढे आली, काकांच्या समोर वाकली आणि म्हणाली, “काका, मी सुई लावू का?”

“लाव गं, विचारतेस काय,” रोझी आंटी म्हणाल्या.

“आंटी, त्यांना बोलू दे.”

मी म्हटलं, “शबाना, वेळ नाही.”

“मॅडम, त्यांनी नको म्हटलं होतं. ते शुद्धीत आहेत. हो त्यांनीच म्हणायला हवं.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती सूड उगवत नव्हती, दयाही दाखवत नव्हती. खरं तर नियमाने तिचंच बरोबर होतं. पण त्या क्षणी मला ते भयंकर वाटलं. वॉर्डातल्या प्रत्येकाला वाटत होतं की ही आता विरघळेल, सगळं विसरून पुढे होईल. ती विसरली नव्हती, आणि हे काकांना कळावं असं तिला वाटत होतं.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मास्कच्या आतून शब्द येईना. मग आला.

“लाव. लाव, बाय.”

तिने कोपराजवळ बोट टेकवलं, डोळे अर्धवट मिटून क्षणभर शीर चाचपली आणि एका दमात सुई आत. मग दुसरी. मशिन चालू झालं. मी पाणी काढायचा आकडा लावला. रोझी आंटी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

दोन तासांनी काकांचे ओठ माणसासारखे दिसायला लागले. शबाना ब्लडप्रेशर बघायला आली. शेजारच्या खुर्चीवर खालिदचाचा होते.

“शबाना,” काका म्हणाले, “मला माफ कर. तू त्यांच्यातली नाहीस. तू वेगळी आहेस.”

मला वाटलं, झालं, मिटलं. शबानाने ब्लडप्रेशरचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला.

“काका, मी वेगळी नाही,” ती म्हणाली. “माझा बाप, माझा भाऊ, माझी सासू, हे चाचा, आम्ही सगळे असेच आहोत. काही चांगले, काही खडूस. मला एकटीला बाजूला काढू नका. मला बाजूला काढलंत म्हणजे बाकी सगळ्यांना तुम्ही त्या बॉम्बवाल्यांजवळ ठेवलंत.”

तिने पट्टा ट्रेमध्ये ठेवला.

“तुम्ही मला ‘तू नको’ म्हणालात तेव्हा मला जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं,” ती म्हणाली. मग ती खालिदचाचांकडे वळली. “आणि चाचा, तुम्हालाही सांगते. त्या व्हिडिओतल्या माणसांना आंटींनी कधी बघितलं नाही. अंडी मात्र त्यांनी तुम्हाला इतकी वर्षं खायला घातलीत.”

चाचांनी मान पलीकडे फिरवली. त्यांना मशिनवरून काढल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या आंटींपाशी गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी आंटींच्या मोकळ्या हातांकडे बघितलं.

“आज डबा आणला नाय?”

“यांना उचलून आणलं चाचा, डबा कुठला?”

“बरं,” चाचा म्हणाले. “शनवारी आणा.”

माफी म्हणतात ती त्यांनी तेवढीच मागितली. आंटींना ती पुरली. शनिवारी डबा आला आणि चाचांनी त्यातलं घेतलं.

हे सगळं एवढ्यावर गोड झालं, असं मात्र नाही. काका शबानाकडून सुया लावून घ्यायचे, ‘बाय’ म्हणायचे, पण तिच्याशी गप्पा बंद झाल्या. काका आणि चाचा एकमेकांशी बोलेनासे झाले. मी दोघांना वेगवेगळं विचारलं, खुर्ची बदलून देऊ का? दोघांनीही नको म्हटलं. मग बसायचे, हाताच्या अंतरावर, चार-चार तास, काही न बोलता. बोंबील नाहीत, जवळा नाही. लोर्नाचं नाव वॉर्डात कुणी काढत नसे. मी निवृत्तीला आले होते आणि मला वाटायचं, मी जाईन, हे दोघं असेच बसलेले राहतील. इतक्या पेशंटांचं मला काय काय दुरुस्त करता आलं, हे नाही आलं, याची खंत आजही आहे.

मग एका शुक्रवारी पुन्हा बातमी आली. पुन्हा परदेशातलं शहर. या वेळी मशीद होती, नमाज चालू होता, आणि मारणारा स्वतःला क्रॉसच्या बाजूचा म्हणवणारा होता. शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलात शिरले, तर खाली औषधाच्या दुकानापाशी चांगल्या कपड्यांतला एक माणूस दुसऱ्याला म्हणत होता, “बरं झालं. फिटलं आता.” मी थबकले. त्याच्या हातात लहान मुलाच्या खोकल्याचं औषध होतं.

वर शबाना आली होती, डोळे सुजलेले. “बातमी बघितलीस?” मी विचारलं.

“बघितली.”

“घरी जायचंय?”

“नाही. माझी शिफ्ट आहे.”

खालिदचाचा आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग जिन्यात, हल्लीच हातात आलेल्या काठीचा आवाज आला. अंतोनकाका. औषधाच्या दुकानातला तो माणूस माझ्या कानात अजून बोलत होता. काका वजनाच्या काट्यावर उभे राहिले, उतरले, खुर्चीवर बसले. शबाना ट्रे घेऊन त्यांच्यापाशी गेली. वॉर्डातला प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता आणि प्रत्येकाचे कान तिथेच होते.

“खालिद,” काका म्हणाले.

चाचांनी डोळे उघडले.

“तिथे तुझं कोणी होतं का रे?”

चाचा मान वळवून “नाय,” म्हणाले. “माझं कोणी नाय तिकडे.”

“बरं,” काका म्हणाले. “म्हटलं विचारावं.”

शबाना कापसाने हात पुसत होती. चाचा पुन्हा बोलले. “तुझ्या वेळी मी इचारलं नव्हतं. तुझी पोरगी गेली आणि मी तिचं नावपण घेतलं नाय.”

“लोर्ना.”

“लोर्ना,” चाचा म्हणाले.

काका छताकडे बघायला लागले. “लहानपणी तिला रक्त बघून चक्कर यायची,” ते म्हणाले. “कोंबडी कापली तरी धाडकन पडायची.”

शबानाने सुई लावली, पट्टी चिकटवली. “मग नर्स कशी झाली काका?”

“ते सांगायला वेळ लागेल.”

“चार तास हायत की,” खालिदचाचा म्हणाले आणि कुशीवर वळले, जेवढं नळ्या वळू देतात तेवढं.

काका सांगायला लागले. तिची पहिली शाळा, रोझी आंटींनी शिवलेला फ्रॉक, तिने पाळलेलं लंगडं मांजर. मधेच चाचा काहीतरी विचारायचे, मधेच शबाना. मी मशिनं बघत फिरत होते आणि जिथे असेन तिथून ऐकत होते. काकांच्या मशिनची वेळ संपली आणि ते वाजायला लागलं, तेव्हा लोर्ना अजून शाळेतच होती.